चौथींतून पांचवींत

जून महिना लागला, पहिला पाऊस पडून गेला आणि गणवेशाच्या दुकानांपुढें गर्दी दिसूं लागली, कीं घरोघरीं वडील माणसांची एक गणती सुरू होते. यंदा दहावीला कोण, बारावीला कोण, याची ती गणती. त्यांच्यासाठीं नवे दिवे येतात, टेबलाची जागा बदलते, घरांतील मोठ्यानें बोलणें बंद होतें. त्याच घरांत एखादें दहा वर्षांचें मूल चौथी होऊन नव्या, मोठ्या शाळेंत जावयास निघालेलें असतें. त्याच्या वांट्यास काय येतें? नवें दप्तर, नवा डबा, पाण्याची नवी बाटली, आणि ‘आतां तूं मोठा झालास हं!’ हें वाक्य. दप्तर, डबा व बाटली यांचा उपयोग आम्हांस मान्य आहे. वाक्याविषयीं मात्र शंका आहे.

महाराष्ट्रांत हा उंबरठा बहुतेक ठिकाणीं चौथी व पांचवी यांच्यामध्यें आहे. स्वातंत्र्यापूर्वीं मराठी चौथी झाली कीं इंग्रजी पहिली, असा तो ठरलेलाच होता. पुढें नांवें बदललीं, उंबरठा राहिला. २००९ च्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानें पहिली ते आठवी हें एकच शिक्षण मानलें व पांचवीला प्राथमिक पायरींत बसविलें. तरीहि चौथीवर थांबणाऱ्या शाळा व पांचवीपासून सुरू होणारीं विद्यालयें अजून पुष्कळ आहेत. ज्यांची प्राथमिक शाळा सातवीपर्यंत आहे त्यांना तोच उंबरठा आठवींत ओलांडावा लागतो. वय निराळें, अडखळणें तेंच.

चौथीपर्यंत मुलाच्या शाळेला एक चेहरा असतो. तो त्याच्या वर्गाच्या बाईंचा. गणित त्याच शिकवितात, कविता त्याच म्हणून घेतात, डबा तसाच परत नेल्याबद्दल त्याच रागावतात. कोणाला ‘ळ’ उलटा काढण्याची खोड आहे, कोणाच्या घरीं नवें बाळ आलें आहे, पावसांत कोणाला खोकला होतो, हें सारें त्यांना पाठ असतें. मुलाला शाळा आवडते असें आपण म्हणतों, तेव्हां बहुधा त्याला या बाई आवडत असतात. पांचवींत त्यांच्या जागीं सात-आठ शिक्षक येतात. घंटा होते, एक जातात, दुसरे येतात. यांत शिक्षकांचा दोष काढणें अन्यायाचें होईल. ज्यांस सहा तुकड्यांना एकच विषय शिकवावयाचा आहे, आणि तुकडींत पन्नास मुलें आहेत, त्यांच्यापुढून तीनशें चेहरे जातात. सगळीं नांवें कळूं लागेपर्यंत दिवाळी येते. तोंवर मूल हजेरीपटावरचा एक आंकडा असतें, आणि कालपर्यंत ज्याला नांवानें हांक येत होती त्याला हें लगेच कळतें.

बदल एवढाच नसतो. कायद्याखालील केंद्राच्या नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आंत असावी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत; म्हणजे मूल वर चढलें कीं त्याची वाट तिपटीनें लांबली तरी चालेल, असें सरकारनेंहि धरलें आहे. वेळेचें तसेंच. महाराष्ट्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें आज्ञा काढली कीं मुलांची झोंप पुरी व्हावी म्हणून शिशुवर्गापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत. आज्ञा चांगलीच आहे. पण तिची हद्द चौथीवर संपते. ज्या विद्यालयांत पांचवी सकाळच्या सत्रांत भरते, तेथें एप्रिलांत आरामांत उठणारें मूल जूनमध्यें साडेसहाला रिक्षाची वाट पाहत कोपऱ्यावर उभें राहतें. दोन महिन्यांच्या सुटींत कोणाची झोंप दोन तासांनीं कमी होत नाहीं, हें सांगावयास वैद्य कशाला हवा? जेथें पांचवी दुपारची असते तेथें मूल दिवेलागणीला घरीं येतें, आणि त्याच्याशीं खेळणारीं मुलें आपापल्या घरीं गेलेलीं असतात.

अभ्यास वाढतो हें खरें. पण अभ्यासाला आम्ही या यादींत शेवटचें स्थान देतों. आमच्या अनेक वाचकांनीं स्वतः इंग्रजीचें पहिलें अक्षर पांचवींत गिरविलें असेल, आणि तें भय त्यांच्या मनांत घर करून राहिलें असेल. २००० सालापासून मराठी शाळांतहि इंग्रजी पहिलीपासून आहे. मराठी शाळेंतील मुलाला पांचवींत नवी भाषा भेटते ती हिंदी, आणि तिची ओळख बहुधा चित्रपटांनीं आधींच करून दिलेली असते. थोडक्यांत, पुस्तकांतील धडा मुलाला सहसा पाडीत नाहीं. तो कोणाला विचारावा हें न कळल्यानें मूल पडतें.

ही गोष्ट आम्हीं ग्रंथांतून शिकलों असें सांगतां आलें असतें तर बरें वाटलें असतें. खरें पाहतां ती आमच्याच घरीं, आमच्या नाकाखालीं घडली, आणि आम्हांस ती वर्षानंतर कळली.

आमचें घर एकत्र आहे. वृद्ध मातोश्री, आम्ही दोघे बंधु, दोघांचे संसार आणि शिक्षणासाठीं राहिलेली एक भाची, मिळून दहा माणसें. धाकट्या बंधूंचा मुलगा गल्लीच्या तोंडाशीं असलेल्या शाळेंत चौथीपर्यंत शिकला. अक्षर सुरेख, पाढे तोंडपाठ, वक्तृत्वाचा कप मिळविलेला. पांचवीसाठीं त्याला नदीपलीकडच्या एका मोठ्या विद्यालयांत घातलें. आमचे चिरंजीव त्याच विद्यालयांत आठवींत होते, तेव्हां सोबतीची काळजी नव्हती. पहिल्या दिवसापासून सर्व घर त्याच्या शाळेंत जाऊन बसलें म्हटलें तरी चालेल. तो उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकतो न टाकतो तोंच आजी विचारी, ‘डबा संपविलास का रे?’ आई विचारी, ‘मित्र झाला का कोणी?’ वडील येतांच गणितांत कोठवर आलें हें विचारीत. भाची इंग्रजी वाचून घेई. आमचे चिरंजीव ‘अमुक सरांच्या तासाला सांभाळून बस’ असा अनुभवाचा बोल ऐकवीत. आणि आम्ही, घरांतील वडील म्हणून, पहिली चांचणी केव्हां याची चौकशी करूं. मुलगा प्रत्येकाला उत्तर देई. ‘हो.’ ‘ठीक.’ ‘कांहीं नाहीं.’ पोरगा पोक्त झाला, कमी बोलूं लागला, असें आम्ही एकमेकांस सांगितलें. श्रावणांत त्याचा खांदा दुखूं लागला. वाढीचें वय, असें म्हणून आजीनें तेल चोळलें.

आमच्या सौभाग्यवती एका बँकेंत नोकरी करतात. घरांत सर्वांत कमी बोलणारें माणूस तेंच. एका शनिवारीं संध्याकाळीं केर काढतांना त्यांनीं मुलाचें दप्तर बाजूला ठेवावयास उचललें, तें एका हातानें उचलेना. त्यांनीं तें माणसांच्या वजनकांट्यावर ठेवलें. साडेसात किलो! मुलाचें स्वतःचें वजन तेव्हां सत्तावीस. त्यांनीं एवढेंच विचारलें, ‘हें सगळें रोज लागतें का रे?’ मुलानें आधीं दाराकडे पाहिलें आणि मग म्हटलें, ‘काकू, बाबांना सांगूं नकोस.’

गोष्ट अगदीं लहान होती. पहिल्या आठवड्यांत एका शिक्षकांनीं फळ्यावर वेळापत्रक लिहिलें. हा मागच्या बांकावर होता. त्याचे दोन दिवस उतरून होतात तोंच घंटा झाली आणि पुढच्या तासाच्या शिक्षकांनीं फळा पुसला. ज्यांनीं लिहिलें ते गेले. जे आले त्यांना तें ठाऊक नव्हतें. शेजारच्या मुलाशीं अजून बोलणें झालेलें नव्हतें. दोन दिवसांनीं भूगोलाचें पुस्तक नाहीं म्हणून हा वर्गाबाहेर उभा राहिला. त्या दिवसापासून त्यानें आपल्यापुरता उपाय काढला. सर्व पुस्तकें, सर्व वह्या, चित्रकलेचें सामान, सर्व कांहीं, रोज. अडीच महिने त्यानें तें ओझें वाहिलें. वर्गांत त्रेपन्न मुलें, आठ शिक्षक. घरीं दहा माणसें, त्यांतलीं सहा रोज प्रश्न विचारणारीं. आणि चार दिवसांचें वेळापत्रक मागावयास त्या मुलाला कोणी सांपडलें नाहीं.

घरांत कोणाला कां सांगितलें नाहीं, असें काकूनें विचारलें. त्याचें उत्तर त्याच्यापाशीं तयार होतें. आई रडली असती. बाबा शाळेंत जाऊन भांडले असते. आजीनें शेजारीं सांगितलें असतें. दादा हंसला असता. आणि मोठे काका म्हणाले असते, ‘वक्तृत्वांत कप मिळविणारा मुलगा, आणि एवढें विचारतां येत नाहीं?’

आम्ही अगदीं हेंच म्हटलें असतें. शब्दाला शब्द.

काकूनें दुसऱ्या दिवशीं वर्गांतील एका मुलाच्या घरून वेळापत्रक मिळविलें, तें पुठ्ठ्यावर चिकटविलें, आणि कोणाला कांहीं सांगितलें नाहीं. दप्तराचें ओझें मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असूं नये अशी आज्ञा महाराष्ट्र सरकारनें २०१५ मध्येंच काढली आहे. त्या हिशेबानें हें दप्तर पावणेतीन किलोंचें असावयास हवें होतें. पण सरकारी आज्ञा दप्तर उघडून पाहूं शकत नाहीं. तें कोणीतरी केर काढतांना उचलावें लागतें.

एकत्र कुटुंबाचा आम्हांस अभिमान आहे, आणि मुलाच्या बाबतींत तो योग्यहि आहे. घरीं आलेल्या मुलाला कुलूप दिसत नाहीं, ही साधी गोष्ट नव्हे. पण याच घराचा एक दोष आम्ही उघड्या डोळ्यांनीं पाहत नाहीं. येथें मुलाची प्रत्येक गोष्ट सर्वांची होते. पडलेला दांत, पडलेला नंबर, दोन्ही रात्रीच्या जेवणाच्या पंक्तींत वाढले जातात. लहानपणीं मुलाला त्यांत मौज वाटते. दहाव्या-अकराव्या वर्षीं त्याला प्रथमच लाज म्हणजे काय हें कळूं लागतें, आणि नेमकें त्याच वर्षीं त्याची शाळा बदलते. बाहेर त्याला ओळखणारें कोणी नाहीं, आणि घरांत ओळखणारे फार. एकाला सांगणें म्हणजे दहांना सांगणें, हें तो हेरतो आणि गप्प बसतो.

अशा वेळीं आपण त्याला थोरांच्या गोष्टी सांगतों. आमच्या पुतण्यालाहि लोकमान्यांची गोष्ट सांगून झाली होती. १८६६ मध्यें वडिलांची बदली झाल्यामुळें टिळक रत्नागिरीहून पुण्यास आले, तेव्हां ते दहा वर्षांचे होते. पुढें शाळेंत त्यांनीं ‘संत’ हा शब्द तीन तऱ्हांनीं लिहिला, शिक्षकांनीं त्यांतील दोन चूक ठरविले, तेव्हां मुलानें हार मानली नाहीं, अशी कथा सांगतात. धिटाईचा धडा म्हणून ती ठीक आहे. पण त्या मुलाच्या घरीं गंगाधरशास्त्री होते, हें आपण सांगावयाचें विसरतों. वडील स्वतः शिक्षणखात्यांत, संस्कृताचे जाणते, मुलाला लहानपणापासून स्वतः शिकविलेलें. आपलें म्हणणें बरोबर आहे हें ओळखणारें एक माणूस घरीं आहे, याचा भरंवसा असला म्हणजे वर्गांत उभें राहण्याचें बळ येतें. आणि तो भरंवसा किती लागला असेल! पुण्यास आल्यावर त्याच वर्षीं त्या मुलाची आई वारली होती.

अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं रॉबर्टा सिमन्स व डेल ब्लाइथ या अभ्यासकांनीं मुलांच्या याच वयाचा कित्येक वर्षें मागोवा घेतला. त्यांचा ग्रंथ १९८७ मध्यें प्रसिद्ध झाला. तेथें कांहीं मुलें सहावीनंतर शाळा बदलून मोठ्या माध्यमिक शाळेंत जात, कांहीं आठवीपर्यंत जुन्याच शाळेंत राहत. दोहोंची तुलना करतां असें दिसलें कीं शाळा बदललेल्या मुलींचा स्वतःविषयींचा विश्वास न बदललेल्यांपेक्षां खालावला, आणि पुढें पुन्हां शाळा बदलली तेव्हां आणखी खालावला. शाळा, शरीर, राहतें घर असे अनेक बदल ज्यांच्यावर एकदम येऊन पडले त्यांची स्थिति अधिक कठीण झाली. त्यावर त्या अभ्यासकांचें म्हणणें असें कीं सर्व बाजूंनीं बदल होत असतांना मुलाला निदान एक तरी जागा अशी हवी कीं जेथें त्याला सांवरून बसतां येईल, जेथें नवें कांहीं सिद्ध करावें लागत नाहीं. मिलवॉकी दूर आहे, तेथील घरें आपल्याहून निराळीं आहेत. पण हें वाचतांना आम्हांस स्वयंपाकघरांतील तो पुठ्ठा आठवला.

तेव्हां आमची सूचना अशी. पांचवीच्या पहिल्या सत्रांत घरांतील एकाच माणसानें मुलाच्या शाळेची गोष्ट ऐकावी; बाकीच्यांनीं शाळेविषयीं विचारूं नये. तें माणूस आईच असलें पाहिजे असें नाहीं. आईला मुलाच्या दुःखाचें दुःख फार होतें, म्हणून मूल तिला पुष्कळदां चुकवितें. काका, आत्या, आजोबा, कोणीहि चालेल; मूल स्वतः ज्याच्यामागें घुटमळतें तें माणूस हेरावें. त्यानेंहि प्रश्न विचारूं नयेत. मटार सोलतांना, कपड्यांच्या घड्या घालतांना, भाजी आणावयास जातांना, दोघांचे हात कामांत आणि डोळे दुसरीकडे असतांना मूल बोलतें. समोर बसवून ‘सांग पाहूं’ म्हटलें कीं तें मिटतें. ऐकलेली गोष्ट ताटावर येऊं नये. याला अपवाद एकच: कोणी मारीत असेल, धमकावीत असेल, रिक्षांत वा शाळेंत कोणी अंगाला नको तसा हात लावीत असेल, तर गुप्तता ठेवणें हा गुन्हा होईल. तेथेंहि आधीं मुलाला सांगावें, ‘हें मी तुझ्या आईबाबांना सांगणार आहें, कारण हें एकट्या मुलानें सोसावयाचें नसतें,’ आणि मगच सांगावें. मुलाच्या पाठीमागून सांगितलें तर पुढची गोष्ट तें सांगणार नाहीं.

आमच्या मातोश्रींस ही सूचना मुळींच पसंत पडली नाहीं. नातवाला डबा खाल्लास का असेंहि विचारूं नये, हें कसलें शास्त्र, असें त्या म्हणाल्या. डब्यापुरती आम्हीं सवलत दिली आहे.

तयारीचें म्हणाल तर ती मे महिन्यांत करावयाची आहे, आणि तींत पुस्तकें जवळजवळ नाहींत. पुढच्या इयत्तेचीं पुस्तकें आणून सुटींतच दोन-चार धडे ‘काढून ठेवण्याची’ जी चाल पडली आहे ती आम्हांस पसंत नाहीं. त्यानें वर्गांत कंटाळा तेवढा येतो. त्यापेक्षां शाळेची वाट मुलाला घेऊन चार वेळां चालावी किंवा बसनें जावें, आणि पांचव्या वेळीं मुलानें आपल्याला न्यावें. रस्ता कोठें ओलांडावयाचा, रिक्षा आली नाहीं तर कोणत्या दुकानांत थांबावयाचें, हें त्यानें दाखवावें. घरांतील दोन दूरध्वनींचे क्रमांक त्याला तोंडपाठ असावेत. यंत्रांत सांठविलेला क्रमांक यंत्र जवळ नसलें कीं निरुपयोगी. वेळापत्रक पाहून दप्तर भरणें हें काम चौथींतच, सुटी लागण्यापूर्वीं, मुलाच्या हातीं द्यावें. आई भरते तोंवर दप्तर नीट असतें, पण तें आईचें असतें. पहिल्या महिन्यांत एखादी वही विसरेल, बोलणीं खाईल. तें खाऊं द्यावें, आणि वही घेऊन शाळेच्या दाराशीं धांवत जाऊं नये. सकाळची शाळा असेल तर मेच्या मध्यापासून निजण्याची वेळ दर आठवड्यास पाव तासानें अलीकडे ओढावी. हें मुलापेक्षां मोठ्यांना जड जाईल, कारण घरांतील दिवे व चित्रवाणी त्यांनाच बंद करावी लागेल.

आणि एक गोष्ट शिकवावयाची ती विचारण्याची. ‘सर, माझें लिहून व्हावयाचें राहिलें, मीं कोणाकडून उतरून घेऊं?’ ‘बाई, मला बाहेर जाऊन यावयाचें आहे.’ हीं वाक्यें सोपीं वाटतात. पन्नास मुलांपुढें उठून तीं उच्चारणें सोपें नाहीं. आमच्या घरांत मूल पाहुण्यांपुढें स्तोत्र म्हणून दाखवितें, भाषण करून दाखवितें. पण दुकानदाराला ‘सुटे पैसे कमी आले’ असें सांगावयास त्याला कोणी पाठवीत नाहीं. पाठ केलेलें बोलणें आणि गरजेचें बोलणें हीं दोन निराळीं आहेत. वक्तृत्वाचा कप पाहून आम्ही तेथेंच फसलों. दळण, टपाल, ग्रंथालय येथें मुलाला सुटींत एकटें पाठवावें. तेथील माणसें ओळखीचीं नसलीं तर अधिक चांगलें. शौचास व लघवीस जाण्याची परवानगी मागण्याच्या लाजेनें दिवसभर पाणीच न पिणारीं मुलें, विशेषतः मुली, आमच्या पाहण्यांत आहेत. पाण्याची भरलेली बाटली तशीच घरीं येऊं लागली तर मुलावर रागावण्याआधीं शाळेंतील त्या जागेची चौकशी करावी.

मुलींच्या बाबतींत आणखी एक बोलणें आहे, आणि तें वाचकभगिनींनीं पुढें ढकलूं नये. पांचवी ते सातवी याच वर्षांत पुष्कळ मुलींना ऋतुप्राप्ति होते. घरीं झाली तर आई जवळ असते. पण ती शाळेंत, गणिताच्या तासालाहि होऊं शकते, आणि ज्या मुलीला तिचें नांवहि कोणी सांगितलेलें नाहीं तिला आपल्याला कांहीं भयंकर रोग झाला असें वाटतें. पांचवीपूर्वींच्या सुटींत आईनें, काकूनें वा आत्यानें दोन-तीन वेळां, थोडें थोडें, साध्या शब्दांत सांगावें. दप्तराच्या आंतल्या कप्प्यांत लागणारें सामान व एक जादा चड्डी पिशवींत घालून ठेवावी, आणि शाळेंत कोणत्या बाईंकडे जावयाचें हें ठरवून द्यावें. वेगळें बसविण्याची जुनी रीत आतां बहुतेक घरांतून गेली आहे. पण ती गेली म्हणजे बोलणें आलें असें झालेलें नाहीं. पूर्वींच्या घरांत निदान मुलीला दिसे तरी कीं बायकांचें असें कांहीं असतें. आतांच्या घरांत तें दिसत नाहीं आणि सांगितलेंहि जात नाहीं. मुलग्यांनाहि याच सुमारास मोजक्या शब्दांत सांगावें. वर्गांतील मुलीच्या कपड्यावर डाग दिसला तर हंसावयाचें नसतें, एवढें तरी.

पहिल्या चांचणींत गुण उतरले तर विशेष मानूं नये. चौथीच्या बाईंना मुलाचें अक्षर, त्याची विचारसरणी परिचयाची होती. आतां अपरिचित माणूस त्याचे कागद तपाशीत आहे. याच वेळीं घरांत तुलना सुरू होते. ‘दादाला पांचवींत किती पडले होते’ हा प्रश्न एकत्र घरांतील सर्वांत स्वस्त व सर्वांत महाग प्रश्न आहे. शिष्यवृत्तीची परीक्षा सरकारच्या मताप्रमाणें कधीं चौथीला, कधीं पांचवीला असते. पांचवींत येत असेल तर नव्या शाळेचें पहिलें सत्र संपेपर्यंत तिच्या शिकवणीचें नांव काढूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्या मुलाची शाळेंतील आठ शिक्षकांशीं ओळख व्हावयाची आहे त्याला संध्याकाळीं नववें माणूस कशाला?

मग काळजी केव्हां करावी? दर सोमवारीं सकाळीं पोट दुखतें आणि रविवारीं दुखत नाहीं, आवडता खेळ सुटला, झोंपेंत दचकतें, वस्तु वारंवार हरवतात किंवा ‘हरवल्या’ असें सांगितलें जातें, रडावयाचें तें मूल आतां रडतहि नाहीं. पहिले चार-सहा आठवडे अशा गोष्टी येतात व जातात. गणपतीनंतरहि त्या राहिल्या तर दिवाळीची वाट पाहूं नये, वर्गशिक्षकांस भेटावें. भेटावयास एकानें जावें, घरानें नव्हे. तक्रार घेऊन न जातां माहिती घेऊन जावें: मूल कोठें बसतें, मधल्या सुटींत कोणाबरोबर असतें, तुमच्या तासाला बोलतें का? तीनशें चेहऱ्यांतून हा एक चेहरा शिक्षकांच्या लक्षांत राहिला तरी जाण्याचें सार्थक झालें. पालकांच्या मोबाईलवरील गटांतून ही चौकशी होत नाहीं. तेथें पन्नास घरें एकदम बोलतात. जुन्या शाळेच्या बाईंनाहि मुलाला एकदां भेटवून आणावें. आम्हीं पुतण्याला दिवाळीच्या सुटींत नेलें, तेव्हां बाईंनीं त्याची उंची दाराच्या चौकटीशीं लावून पाहिली आणि ‘ळ’ नीट काढतोस ना, असें विचारलें. परतीच्या वाटेवर तो जितकें बोलला तितकें चार महिन्यांत बोलला नव्हता. त्यांत दप्तराचा उल्लेख नव्हता, आणि आम्हांसहि तेव्हां कांहीं ठाऊक नव्हतें.

तो आतां सातवींत आहे. ती सारी हकीगत त्यानें स्वतःच पुढच्या श्रावणांत, पंक्तींत सर्वांसमोर, हंसत हंसत सांगितली. बंधु पानावरून उठूं पाहत होते, त्यांना मातोश्रींनीं बसविलें. आमच्याकडे मात्र सांगतांना त्यानें पाहिलें नाहीं, हें आमच्या लक्षांत आलें. वेळापत्रकाचा पुठ्ठा दोनदां बदलला, पण त्याची जागा स्वयंपाकघरांत, डब्यांच्या फळीखालीं, तीच आहे. रविवारीं संध्याकाळीं काकू दुसऱ्या दिवसाची भाजी निवडीत बसतात, आणि हा तेथेंच जमिनीवर दप्तर भरीत असतो. अर्धा-पाऊण तास दोघांचें बोलणें चालतें. आम्ही पाणी प्यावयाच्या निमित्तानें कधीं आंत गेलों तर तें थांबतें, आणि आम्ही पाणी पिऊन बाहेर येतों.